चाळीस दोर, चाळीस माणसं

चाळीस म्हणजे चाळीस. बारा नाही, पंधरा नाही, आणि ‘ग्रंथाची नक्कल उतरवणाऱ्याने फुगवलेला आकडा’ तर मुळीच नाही. हे मी हायडेलबर्गच्या आमच्या विभागात तीन वर्षं सांगत होते, आणि तीन वर्षं लोक माझ्याकडे एका ठरावीक नजरेने बघत होते. ही नजर मला शाळेपासून ओळखीची आहे. मुलगी हुशार आहे पण हट्टी आहे, असं ती म्हणते. हुशार हा शब्द आधी टाकला की पुढचं बोलायला माणूस मोकळा होतो.

आधी भांडण कशाचं ते सांगते. मी शिकले मेकॅनिकल इंजिनिअरिंग, तेही स्कॉलरशिपवर. नोकरीसाठी जर्मनीत आले, न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात चार वर्षं पंपांची डिझाइन्स केली, आणि मग सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी नोकरी सोडून हायडेलबर्गला तंत्रज्ञानाचा इतिहास शिकायला गेले. तिथे जुनी चिनी भाषा शिकले. माझा विषय हजार वर्षांपूर्वीच्या, सोंग राजवटीतल्या चीनमधली वेढ्याची युद्धं. शहराला वेढा पडला की तट कसा राखायचा, शिड्या कशा उलथवायच्या, शत्रू तटाखाली भुयार खणत असेल तर ते कसं ओळखायचं. त्यासाठी तटाच्या आत खड्डे खणून मोठे रांजण पुरत, रांजणाच्या तोंडावर कातडं ताणत आणि तीक्ष्ण कानाचा माणूस तिथे कान लावून बसे. जमिनीखाली कुदळ चालली की त्याला ऐकू येई. असलं काही वाचताना मी तहानभूक विसरते.

आणि दगडफेकीची यंत्रं. युरोपातल्या किल्ल्यांच्या चित्रांत जे यंत्र दिसतं त्यात लांब दांडीच्या एका टोकाला दगडाची झोळी आणि दुसऱ्या टोकाला वजनदार पेटी असते. पेटी खाली येते, दगड उडतो. चिन्यांच्या यंत्राला त्या काळी पेटी नव्हती. पेटीच्या जागी माणसं होती. दांडीच्या आखूड टोकाला दोर बांधलेले, एकेका दोराला एकेक माणूस, आणि सगळ्यांनी एका दमात खाली खेचायचं. त्या काळच्या एका युद्धग्रंथात लहान यंत्राचा तपशील स्वच्छ दिलाय. चाळीस दोर, चाळीस ओढणारे, आणि दगडाची झोळी धरून ठेवून वेळेवर सोडणारा एक. मोठ्या यंत्रांना तर याच्या कितीतरी पट माणसं.

आमच्या प्रोफेसरबाईंना हा आकडा मान्य नव्हता. विभागाच्या प्रकल्पासाठी एका निवृत्त जर्मन सुताराने या यंत्राची प्रतिकृती बांधली होती. तासाभराच्या अंतरावर एक उघड्यावरचं म्युझियम आहे, त्याच्या मागच्या मैदानात ती उभी होती. विद्यार्थ्यांनी ओढून पाहिलं. दहा-बारा जण असले की ठीक. माणसं वाढवली की दोर एकमेकांत अडकत, कोणी आधी ओढी, कोणी नंतर, आणि दगड लांब जायच्या ऐवजी जवळ पडे. बाई त्यांच्या नेहमीच्या ‘आल्झो’ने, म्हणजे ‘तर मग’ने, सुरुवात करत म्हणाल्या, “आल्झो, प्रयोग स्पष्ट आहे. चाळीस हा कागदावरचा आकडा. तुमचं ओढणाऱ्यांवरचं प्रकरण काढून टाका. यंत्राच्या लाकडाबद्दल लिहा, ते उत्तम आहे.”

लाकूड उत्तम आहे. माणसं काढून टाका. प्रकरण सोमवारपर्यंत द्यायचं होतं. माझा कामाचा फेर्ट्राग, म्हणजे करार, सप्टेंबरात संपत होता आणि त्याच्या मुदतवाढीच्या अर्जावर याच बाईंची सही लागणार होती. म्हणजे काय करणं शहाणपणाचं होतं ते उघड होतं.

पण मला शहाणपणा करवेना, आणि त्याचं कारण मी तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, रेल्वेत गँगमन होते. मनमाडजवळच्या एका छोट्या स्टेशनाबाहेर आमचं क्वार्टर होतं. शाळेच्या सुट्टीत मी लाइनीवर त्यांचा डबा घेऊन जायची. तिथे उन्हात एक रूळ पडलेला असायचा, दहा जणांनाही हलणार नाही असा. मग माणसं पहारी घेऊन ओळीत उभी राहायची, एक हाक यायची, आणि तो रूळ लेकराने कूस बदलावी तसा बाजूला सरकायचा. हे मी शंभर वेळा पाहिलंय. त्यामुळे अशिक्षित माणसांचा मोठा जमाव एका दमात ओढू शकत नाही असं कोणी पुस्तकं वाचून सांगितलं की माझं डोकं फिरतं.

मग हे मी बाईंना का नाही सांगितलं? कारण मी ते कुणालाच सांगत नसे. फ्रँकफुर्टकडच्या मराठी मंडळात मी ‘वडील रेल्वेत होते’ एवढंच म्हणायची. एकदा तिथल्या कोणीतरी “स्टेशनमास्तर का?” असं विचारलं होतं आणि मी नुसती हसले होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

त्या उन्हाळ्यात आण्णा माझ्याकडे आले होते. आई गेल्यावर पहिल्यांदाच. जून महिना असूनही घरात स्वेटर घालून बसायचे आणि मी काय काम करते ते बघायचे. एक दिवस मी त्यांना लॅपटॉपवर त्या यंत्राचं जुनं चित्र दाखवलं. तटाच्या मागे यंत्र, यंत्राखाली दोर धरलेली माणसं. वेढ्याच्या वेळी बचावाची यंत्रं पुष्कळदा तटाच्या आतच ठेवत, म्हणजे शत्रूच्या दगडांनी ती फुटू नयेत. ओढणाऱ्यांना पलीकडचं काही दिसत नसे. तटावर एक टेहळ्या उभा असे, तो वरून सांगे, जरा डावीकडे, जरा लांब.

“मंजी ह्यांला आपला दगड कुठं पडला तेबी दिसायचं न्हाई?” आण्णांनी विचारलं.

“नाही.”

ते बराच वेळ चित्र बघत राहिले. मग म्हणाले, “हाक कोण घालतंय ह्यात?”

मी सांगितलं की ग्रंथात हाक घालणाऱ्याचा उल्लेखच नाही. अभ्यासकांचे अंदाज आहेत, कोणी म्हणतं ढोल, कोणी म्हणतं निशाण घेतलेला अधिकारी. आण्णांनी मान हलवली. “अधिकारी न्हाई,” एवढंच बोलले आणि चहा करायला उठले.

मला चाळीस माणसं हवी होती, विद्यार्थी मिळाले तेरा. मग मी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते पुण्याचे, एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठे मॅनेजर, मनाने दिलदार. मी म्हटलं, या शनिवारची तुमची पिकनिक त्या म्युझियमच्या मैदानावर घ्या, जागा मी मिळवते, बदल्यात तासभर दोर ओढा. ते खूश. “ताई, डोन्ट वरी अॅट ऑल! रस्सीखेच इज अवर थिंग. तीन वर्षं सलग ट्रॉफी आपल्याकडे आहे.”

शनिवारी दहापासून गाड्या येऊ लागल्या. र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यातले इंजिनिअर, फ्रँकफुर्टचे आयटीवाले, त्यांच्या बायका, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देणारी मुलं, कोळशाच्या शेगड्या, आणि एका काकूंनी तर मसालेभाताचं पातेलंच आणलं होतं. माझ्याबरोबर हायडेलबर्गहून माझे तीन संशोधक मित्र आले होते, नागपूर-औरंगाबादकडचे. मुलं वगळून, विद्यार्थी धरून ओढायला पुरेपूर चाळीस भरले. आण्णांना मी मफलर गुंडाळून झाडाखाली खुर्चीवर बसवलं. बाई आपली घडीची खुर्ची घेऊन बाजूला बसल्या, हातात कॉफी. सुतार यंत्राभोवती फिरत होता आणि प्रत्येक माणसागणिक त्याचा चेहरा अधिक लांब होत होता.

आम्ही जे केलं ती चूक फक्त मराठी मंडळच करू शकतं. मंडळींनी दोर धरले ते स्पोर्ट्स डेला धरतात तसे. वजनदार माणसं मागे, टाचा जमिनीत रोवलेल्या, दोर मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला. चाळीस माणसं होती आणि त्यात एकोणचाळीस मॅनेजर. “अरे अँगल बघ अँगल!” “पाटील... नाही, तुम्ही नाही, ते दुसरे पाटील, तुम्ही इकडे या!” सेक्रेटरींनी मोजायची जबाबदारी आपणहून घेतली. मी झोळीत नारळाएवढा दगड धरून, डोक्यावर हेल्मेट घालून यंत्राच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

“एक! दोन! साडेमाडे तीन!”

जर्मन विद्यार्थ्यांना तिसऱ्या शब्दाला ओढायचं सांगितलं होतं. त्यांनी साडेमाडेला ओढलं. आमच्या लोकांनी तीनला ओढलं. आणि ओढल्यावर कोणीही दोर सैल सोडला नाही, कारण रस्सीखेचीत सोडणारा हरतो. दांडी अर्ध्यात थरथरून अडली, दगड झोळीतून सरळ आकाशात गेला, आणि बाईंच्या खुर्चीपासून तीन पावलांवर येऊन धप्पकन रुतला. बाई जागच्या हलल्या नाहीत, हे मात्र त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. कॉफी तेवढी सांडली.

“श्लुस!” सुतार ओरडला. बस झालं. त्याने दांडीवर हात फिरवून तडा गेलाय का ते पाहिलं आणि दोर सोडायला घेतले.

बाई माझ्याकडे आल्या. “आल्झो. पाहिलं आपण तुमचं चाळीस.”

मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त. मी म्हटलं, मला दोन वाजेपर्यंत वेळ द्या. त्यांनी घड्याळ बघितलं, सुताराकडे बघितलं. “दोनपर्यंत. दगड पुन्हा माणसांकडे आला तर त्याच क्षणी बंद.”

मी झाडाखाली गेले. “आण्णा, उठा.”

“मी?” त्यांनी मैदानाकडे बघितलं. “पोरी, शिकलेली मानसं हायेत ती.”

“त्यांना ओढता येत नाही.”

सेक्रेटरी मागोमाग आलेच होते. घाम पुसत म्हणाले, “काका पण रेल्वेत होते ना? कुठल्या डिपार्टमेंटला?”

“गँगमन होते,” मी म्हटलं. मुद्दाम मोठ्याने म्हटलं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. “तीस वर्षं रूळ उचलले त्यांनी. तुमच्यापैकी कोणालाही येत नाही ते काम त्यांना येतं. ते सांगतील तसं करायचं.”

मसालेभातवाल्या काकू “अच्छाऽ” म्हणाल्या. त्या लांबलेल्या अच्छात काय काय भरलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. असू दे. बारा वर्षं मी त्या अच्छाला घाबरून होते. तो प्रत्यक्ष आला तेव्हा कळलं, नुसता एक आवाज तर आहे.

आण्णा उठले. यंत्राभोवती दोनदा फिरले, दांडीकडे, दोरांच्या गाठींकडे बघत. सुतार कंबरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होता. मग आण्णांनी पहिल्या माणसाचा हात हातात घेतला आणि मनगटाचे वेढे सोडवले. “असं बांधलंत तर दांडी तुमाला घेऊन वर जाईल.” अंगठ्या काढायला लावल्या, घड्याळं काढायला लावली. मग माणसं लावायला घेतली. खांद्याला धरून एकेकाला उचलल्यासारखं करत, बुटके बरोब्बर दांडीखाली, उंच बाहेरच्या कडेला, कारण बाहेरचे दोर तिरपे येतात. कोण डायरेक्टर, कोण पीएचडी, त्यांना काही देणंघेणं नव्हतं. र्युसेल्सहाइमचे एक साहेब म्हणाले, “काका, मी लीड करू का?” आण्णा म्हणाले, “तुमी गप उभं राहा,” आणि साहेब खरोखर गप उभे राहिले.

प्रत्येकाच्या छातीच्या उंचीवर त्याच्या दोराला एक गाठ मारली. हात तिथेच राहणार, वर नाही, खाली नाही. पाच-सहा गाठी झाल्यावर सुतार न सांगता पुढे आला आणि पलीकडच्या बाजूने तशाच गाठी मारू लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघांपैकी कुणालाच त्याची अडचण वाटलेली दिसली नाही.

“आता रिकामं ओढा,” आण्णा म्हणाले.

“नाइन!” सुताराने दोन्ही हात आडवे केले. झोळीत वजन नसताना दांडी मारली तर ती फुटते. मी भाषांतर करून सांगितलं. आण्णांनी त्याच्याकडे आदराने बघितलं. “बरोबर हाय त्याचं. मग गवताचं गाठोडं घाला.”

मी ते सांगितल्यावर सुतार पहिल्यांदा हसला. “गेनाऊ!” अगदी बरोबर, म्हणाला आणि स्वतःच गवत आणायला गेला.

“आयका,” आण्णा सगळ्यांना म्हणाले. आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचला. “ही रस्सीखेच न्हाई. पलीकडं कुणी ओढत न्हाई तुमाला. एक झटका खाली, की हात सैल. धरून बसायचं न्हाई.”

मग हाकेचा प्रश्न आला. सेक्रेटरींनी लगेच गडकिल्ल्यांवरची घोषणा सुचवली, ती म्हटली की अंगात वीरश्री येते म्हणे. माझ्या नागपूरच्या मित्राचा चेहरा बदलला. त्याच्याकडे त्याची घोषणा तयार होती. मला दिसत होतं की आता चाळीसचे दोन वीस होणार आणि मसालेभातसुद्धा दोन पंगतींत वाढावा लागणार. आण्णांनी दोघांनाही हाताने थांबवलं. “घोषणा नको, कुठलीच. लांब असती घोषणा. निम्मा दम तिच्यातच जातो.”

“मग काका, तुमची गँगची ओरिजिनल हाक घाला ना!”

आण्णा चक्क लाजले. “ती हितं चालणार न्हाई. बायाबापड्या हायेत.” सगळं मैदान हसलं, काकूसुद्धा. मुलांनी जर्मनमध्ये विचारलं काय झालं आणि त्यांना कोणीच सांगितलं नाही.

मग ते माझ्याकडे वळले. “हाक तू घालायची.”

“मी कशी? मी तर ओढत पण नाही.”

“दगड कुनाच्या हातात हाय? मघाशी कुनाच्या डोक्यावर पडला असता? आमच्यात रुळाखाली ज्याचं बोट जाईल त्याची हाक. मुकादम लांब सावलीत उभा ऱ्हायचा. त्याला काय ठावं, कधी हात निघाला आन कधी अडकला?”

मी झोळी हातात धरून तशीच उभी राहिले. चाळीस ओढणारे आणि धरून सोडणारा एक. ती ओळ मी किती वर्षं वाचत होते. हाक कोणाची, हाक कोणाची म्हणून ढोल शोधत होते, निशाणं शोधत होते, आणि तो माणूस त्याच ओळीत उभा होता. तटावरचा टेहळ्या सांगणार तेही यालाच, आणि ओढा म्हणणार तोही हाच, कारण बाकीच्या चाळिसांना पलीकडचं काही दिसत नाही. हे ग्रंथकाराने वेगळं लिहिलं नाही कारण त्याच्या काळात ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या विभागात ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण आमच्यापैकी कोणी कधी काही उचललेलं नव्हतं.

गवताचं गाठोडं आम्ही पंधरा-वीस वेळा उडवलं. आण्णा प्रत्येक वेळी एखाद्याच्या खांद्याला हात लावून त्याची जागा बदलायचे. हळूहळू बोलणं थांबलं. मॅनेजर लोक ओढू लागले. दोनला वीस मिनिटं असताना मी झोळीत दगड ठेवला, झोळी छातीशी घट्ट धरली आणि माझ्याच घशातून कधी न ऐकलेला आवाज काढला.

“धराऽ... हैश्शा!”

विद्यार्थ्यांचा सगळ्यात लांबचा दगड पडला होता तिथे एक खुंटी ठोकलेली होती, पहिला दगड तिच्याजवळ पडला. दुसरा तिच्या बराच पुढे. तिसऱ्याला चाळीसही दोरांचा एकच आवाज झाला, झोळीने मला चवड्यांवर उचललं, मी सोडलं, आणि दगड मैदान ओलांडून, कुंपण ओलांडून पलीकडच्या मक्यात गेला. सुतार लहान मुलासारखा त्याच्या मागे धावत सुटला. जर्मन विद्यार्थी “हाइश्शा! हाइश्शा!” ओरडत होते. सेक्रेटरींनी आण्णांना मिठी मारली. मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

बाईंनी येऊन आण्णांशी हात मिळवला, दोन्ही हातांनी. मग मला बाजूला घेतलं. “सुंदर होतं. खरंच. पण एका दुपारच्या प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हे तुम्हालाही कळतं.”

“चाळीस माणसं एकत्र ओढू शकतात हे सिद्ध झालं.”

“हो, तेवढं ठीक. एक टीप म्हणून लिहा. पण हाकेबद्दलचा तुमचा निष्कर्ष? त्याला आधार काय? तुमचे वडील? ते या विषयातले तज्ज्ञ नाहीत, आणि तुमचे वडील आहेत. त्यांचे शेवटी आभार माना, छान दिसेल.”

“ते रेल्वे इंजिनिअरिंगचे प्रोफेसर असते तर?”

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “ते वेगळं झालं असतं.”

“हो,” मी म्हटलं. “दगड मक्यात गेला नसता.”

त्यांना राग आला नाही. त्या वाईट बाई नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, “मुदतवाढीचाही विचार करा,” आणि मला वाटतं, काळजीनेच म्हणाल्या. पण काळजीने सांगितलं म्हणून ऐकलंच पाहिजे असं नसतं. मला लहानपणापासून काळजीनेच सांगितलं गेलंय, एवढं नको शिकू, तिकडे नको जाऊ, वडिलांचं नको सांगू.

रविवारी सकाळपासून मी प्रकरण लिहायला बसले. एक ओळ कमी केली नाही, उलट सात पानं वाढवली. मुख्य मजकुरात, आभारात नव्हे, लिहिलं की झोळी धरणाराच हाक घालणारा होता, आणि त्याखाली तळटीप दिली. दुपारी चहाच्या वेळी आण्णांना विचारलं, “तुमचा हुद्दा काय लिहू? शेवटी मुकादम होता का तुम्ही?”

“न्हाई. मुकादम कवा झालोच न्हाई. गँगमन लिही. उगं मोठं करू नगंस.”

मी लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं, जर्मनमध्ये आणि मग मराठीत. तोंडी माहिती, मग त्यांचं पूर्ण नाव, निवृत्त गँगमन, सेवा तीस वर्षं, संशोधिकेचे वडील. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते कप हातात धरून बसले होते.

“येकट्याचंच नाव?”

“हो. स्रोत तुम्ही आहात.”

“मी येकटा कुठं उचलत हुतो? गँग वीस जनांची हुती.”

मी लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. “सांगा.”

ते सांगू लागले. वयाने नाही, गावाने नाही, तर रुळाच्या कडेने ज्या क्रमाने उभे राहायचे त्या क्रमाने. डाव्या टोकापासून. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव. त्यातले अकरा आता नाहीत. तेराव्या नावावर ते अडले. आठवेना. मग उठून खोलीच्या मध्यभागी उभे राहिले, डोळे मिटले, पहार धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केले आणि मान उजवीकडे वळवली. नाव सापडलं.

ती नावं मी इथे देत नाही. ती जिथे असायला हवीत तिथे आहेत. तळटीप पाऊण पानाची झाली, तिच्यावर मजकुराला जेमतेम सहा ओळी उरल्या. बाईंना लिहिलं, प्रकरण जोडलं आहे, यातला एकही माणूस मी काढणार नाही, सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. आणि सोमवारची वाट न बघता पाठवून दिलं.